रिकामं आंधन

थांब ना बे गोलू, मधात नको बोलू. पूर्ण ऐकून घे, मंग जेवढं हासाचं तेवढं हास. खुशाल, तू तिघांचा चहा सांग. अन् कोणी माह्यासमोर मिठाचं नाव काढलं तर मी उठून चालला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं का, आमच्या बाजूच्या गोदावरीकाकूकडे तिची भाची आली होती. उर्वशी. आंधळगावची. बीएड करून राह्यली, अन् आमच्या गावच्या शाळेत तिले पाठ घ्यायचे होते, म्हणून आत्याकडे मुक्कामाले. आमच्या अन् काकूच्या आंगणात फक्त कमरेएवढी भिंत. ती रोज संध्याकाळी तिकडच्या आंगणात उभी राहून उद्याच्या पाठाची तयारी करे. समोर कोण? एक बकरी अन् वाळू घातलेलं धान. अन् ही म्हणे, "मुलांनो, शांत बसा. आज आपण पाण्याच्या अवस्था पाहणार आहोत." मी भिंतीच्या इकडं शांत बसून राहो. जिंदगीत कोण्या मास्तरचं एवढं ऐकलं नाही बे मी. ती म्हणे, "कोण सांगेल?" अन् मी मनातल्या मनात हात वर करो.

बाकी सगळं बरं होतं, एकच दुखणं होतं. ती मले सूरजभाऊ म्हणे.

आता तू म्हणशीन, आपल्या इकडं कंडक्टरलेही भाऊ म्हणतात, पानठेलेवाल्यालेही भाऊ म्हणतात, बायको चिडली तर नवऱ्यालेही "ओ भाऊ" म्हणते. माहीत हाय ना मले! हेच मी स्वतःले दहादा समजावलं. पण "सूरजभाऊ, नळ आला का?" एवढं तिनं म्हटलं का छातीतलं काहीतरी हळूच खाली बसे. माही इच्छा मोठी नव्हती. ती जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तो भाऊ तिच्या तोंडून गळून पडावा. बस. बाकी आयुष्याचं मंग पाह्यलं असतं.

अन् एक दिवस ती स्वतःच भिंतीजवळ आली. हातात पुस्तक. म्हणे, "सूरजभाऊ, तुम्ही बीएस्सी हाव ना? मले एक सांगा. पाण्यात मीठ टाकलं का ते लवकर उकळते का हो? आत्या म्हणते लवकर. पुस्तकात लिहून हाय का उशिरा. माहा शेवटचा पाठ यावरच हाय, कॉलेजात, मॅडमसमोर."

आता पाह्य. मले उत्तर येत होतं. अबे हासू नको, खरंच येत होतं! मिठानं पाणी थोडं उशिरा उकळते, पण चिमूटभर मिठानं काही फरक दिसत नाही. एका वाक्याचं उत्तर. पण तेच तर संकट होतं ना! एका वाक्यात उत्तर देलं का ती एका वाक्यात "बरं" म्हणणार अन् चालली जाणार. म्हणून मी कपाळाले आठ्या पाडल्या, दूर मुरघासाच्या खड्ड्याकडं पाह्यलं, जसा काही शास्त्रज्ञ, अन् म्हटलं, "असं सांगता येत नाही. करून पाह्यावं लागेन."

"करून पाहू मंग," ती म्हणे. तिचे डोळे असे चमकले, खुशाल, का मले वाटलं माह्या डोक्यावरच कोणी दिवा लावला.

पहिला प्रयोग आमच्या घरी. गॅसवर गंज, गंजात पाणी, मी पाटावर, ती पाटावर, मधात तिचा मोबाइल, त्यात घड्याळ चालू. जवळच आई काकडी चिरून राह्यली. अशा वेळी माणूस काय बोलते? मी फक्त पाण्याकडं पाहून राह्यलो अन् मनात म्हणून राह्यलो, सावकाश बाबा, तुले कायची घाई हाय? जगात लोकं पाणी उकळावं म्हणून फुंकर मारतात. मी एकटाच असा का पाणी उकळू नये म्हणून बसलो होतो.

तरी ते उकळलंच. तळातून बुडबुडे सुरू झाले, उर्वशीचं बोट घड्याळावर गेलं, अन् तेवढ्यात आईनं मागून हात घालून भसकन तांदूळ टाकले!

"आई! काय केलं हे?"

"काय केलं म्हणजे? आंधन उकळून राह्यलं ना."

"ते प्रयोगाचं होतं!"

"प्रयोगाचं असो का लग्नाचं. रिकामं आंधन उकळू देत नसतात. घरातलं मानूस उपाशी फिरते."

तुमच्याही घरी हे हायच ना? मी कवा ध्यानच देलं नव्हतं. आपल्या इकडं कोणतीच बाई रिकामं पाणी उकळताना पाहूच शकत नाही. हात आपोआप जाते तांदळाकडं. आमची आई तर म्हणे आंघोळीच्या पाण्यातही चार दाणे टाकते. म्हणून मी आजपर्यंत कुठं उपाशी नाही फिरलो, पण शास्त्राची काय दशा झाली!

दुसरा प्रयोग काकूच्या घरी. मी काकूले आधीच हात जोडले, "काकू, तांदूळ नका टाकजा." काकू म्हणे, "नाही टाकत रे बापा, मी काय अडाणी हाव?" अन् पाणी कढलं तशी ती तळमळाले लागली. पदर तोंडाले लावला, तिकडं पाह्यलं, इकडं पाह्यलं. शेवटी म्हणे, "चारच दाणे टाकते, शास्त्रापुरते." शास्त्रापुरते! कोणतं शास्त्र बे? पावशेर टाकले तिनं.

तिसरा प्रयोग आमच्या घरी, चौथा तिच्या घरी. मीठ असलेला, मीठ नसलेला. दोन्ही घरी सकाळ-संध्याकाळ भातच भात. आमच्या बाबानं, त्यायचं डोकं आधीच गरम, ताट पाहून विचारलं, "हे पोट्टं बीएस्सी झालं का आचारी?" पोळी कुठं हाय म्हणून विचारलं तर आई म्हणे, "आधी उर्वशीचा पाठ होऊ द्या."

पण मी खूश होतो. प्रयोग बिघडला का तो पुन्हा करावा लागे, अन् पुन्हा केला का पुन्हा दोन पाट मांडावे लागत. एकदा तिनं विचारलं, "सूरजभाऊ, तुम्हाले गावात कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, "आता नाही येत." केवढं मोठं बोललो होतो मी! पण त्याच वेळी झाकण खाली पडलं, अन् ती झाकण उचलाले वाकली.

मंग तिनंच अक्कल काढली. म्हणे, बुडबुडे पाहून काही समजत नाही, थर्मामीटर पाह्यजे. मी म्हटलं, एवढंच ना? अन् गेलो आशाताईकडे, गावात गोळ्या-औषध वाटते ती. तिचं तापाचं थर्मामीटर आणलं अन् देलं बुडवून गरम पाण्यात. त्यानं एकदा पीं केलं अन् कायमचे डोळे मिटले. आशाताई अजून मले पाह्यलं का रस्ता बदलते.

मंग माह्या जुन्या कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेत तेजराम सर. ते म्हणे, "अर्ज लिहा." मी लिहिला: विषय, पाणी उकळण्याकरिता थर्मामीटर मिळणेबाबत. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला. "कोणतं पाणी?"

"साधं पाणी, सर. अन् मिठाचं."

"तसं लिहा ना मंग. दोन पाणी हाय तर दोन अर्ज."

दोन अर्ज लिहिले. मंग प्राचार्यांची सही. प्राचार्य मीटिंगमधी. सही झाली तर शिक्का नाही. शिक्का कपाटात, कपाटाची चाबी मोठ्या बाबूकडे, मोठे बाबू मुलीले पाह्याले पाहुणे आले म्हणून घरी. मी त्यांच्या घरी गेलो. घरच्यायले वाटलं मीच मुलाचा भाऊ हाव. चहा-पोहे देले, माही नोकरी विचारली, अन् मी "थर्मामीटर पाह्यजे" म्हटल्यावर सगळे एकदम चूप झाले. तिथंही भाऊच झालो बे मी! शेवटी तेजराम सरांनी थर्मामीटर कापसात गुंडाळून देलं अन् बजावलं, "प्रयोग संपला का त्याच दिवशी वापस. समजलं? प्रयोग संपला का." हे ध्यानात ठेव गोलू, पुढं कामी येते.

थर्मामीटर आलं अन् गोष्ट माह्या हातून गेली. कारण ते कृष्णरावकाकानं पाह्यलं. काकूचे मालक. पाटबंधारे खात्यातून रिटायर. त्यायचं म्हणणं, "मी जिंदगीभर पानी मोजलं. पन थंड. गरम मोजायचा योग आता आला." अन् त्यांनी फर्मान काढलं: घराघरातले फुटकळ प्रयोग बंद. एकच प्रयोग, उघड्यावर, पंचासमोर. दोन सारख्या चुली, दोन सारखे गंज, एकाच बाभळीचं जळतण, एकाच तांब्यानं मोजलेलं पाणी. एकात मीठ, एक बिनमिठाचं. जो आधी उकळला तो जिंकला. उकळला का आग काढायची, म्हणजे निकालात घोळ नाही. अन् बायांची तळमळ मिटावी म्हणून निकाल लागला का दोन्हीत तांदूळ टाकून जेवण. दिवस कोणता? तर उर्वशी जायची तोच. तिचा निरोपही होईन, आंधनही रिकामं नाही राह्यणार.

म्हणजे प्रयोग संपणार अन् दुपारच्या गाडीनं ती जाणार. अन् मी अजून भाऊच.

त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. दोन पार्ट्या पडल्या, मिठाची अन् बिनमिठाची. बाया सगळ्या मिठाकडं, कारण त्यायचा रोजचा अनुभव. माणसं बिनमिठाकडं, कारण बाया मिठाकडं. कोणी म्हणे खडा मीठ पाह्यजे, पुडीतल्या मिठात दम नसते. कोणी म्हणे चुलीचं तोंड पूर्वेले करा. काका खुर्चीवर, मनगटावर घड्याळ, गळ्यात दुपट्टा, जसे काही धरणाचे दरवाजेच उघडून राह्यले. उर्वशी थर्मामीटर घेऊन मिठाच्या गंजाजवळ, अन् जळतण लावाले मी.

आता माही योजना ऐका. जास्त मीठ टाकलं का पाणी जास्त उशिरा उकळते, हे शास्त्र. पाणी उशिरा उकळलं का भात उशिरा, भात उशिरा का जेवण उशिरा, अन् जेवल्याशिवाय काकू भाचीले जाऊ देणार नाही, हे गाव. म्हणजे गाडी चुकणार. म्हणून मी पँटीच्या खिशात खडा मीठ भरून आणलं होतं. घामानं ते पाझरून मांडीले चिकटून राह्यलं, आग होऊन राह्यली, पण मी हूं नाही केलं.

पाणी गुणगुणाले लागलं. उर्वशीनं वाकून पाह्यलं, "अजून शंभराले वेळ हाय." काका घड्याळाकडं पाहून राह्यले. सगळ्यांची नजर तिकडं गेली अन् मी मूठभर मीठ काढून देलं गंजात सोडून.

अन् बाप्पा! पाणी शांत व्हायचं सोडून असं फसफसून वर आलं, जसं कोणी त्याले चिमटाच घेतला! काठापर्यंत फेस अन् बुडबुडे!

"उकळलं!" सगळ्या बाया एका आवाजात. "मीठ जिंकलं वो माय!"

मी ओरडून राह्यलो, "नाही, नाही, अजून नाही उकळलं!" पण काकू सूप घेऊन सकाळपासूनच दबा धरून बसली होती. सूपभर तांदूळ गेले आत. काकांनी हात वर केला, "निकाल लागला! आग काढा!" अन् चार जणांनी चुलीतली लाकडं ओढली. पुढच्याच क्षणी ते बुडबुडे असे गायब झाले, जसे आलेच नव्हते. पाणी चूप. वर तांदूळ तरंगून राह्यले.

बिनमिठाचा गंज मंग आपल्या चालीनं, कोणी न विचारता, खळाखळा उकळला. आईनं त्यात तांदूळ टाकले. छान मोकळा भात झाला. तिकडं कोणी ढुंकून नाही पाह्यलं.

कारण काकू म्हणे, "माही उर्वशी जिंकलेल्या गंजातलाच भात खाऊन जाईन." अन् जिंकलेला गंज तर कच्चा! पुन्हा चूल पेटवली. बाभळीची लाकडं विझवताना कोणी पाणी मारलं होतं, ती पेटेच ना. नुसता धूर. काका खोकून खोकून म्हणे, "शासकीय कामात असं होते." अन् धुरात बसल्या बसल्या आम्ही गाडीचा हॉर्न ऐकला. फाट्यावर थांबली, अन् गेली.

माही योजना फसली होती अन् तरी गाडी चुकली होती, गोलू. मी आनंदानं रडलो. लोकायले वाटलं धूर.

भात शिजला. पंगत बसली. बाबानं पहिला घास घेतला अन् तसेच थांबले. "हा भात हाय का लोणचं?" एकानं उठून मागं जाऊन घास थुंकला. दुसऱ्यानं ताटलीच बकरीपुढं ठेवली, बकरीनंही मान फिरवली. सगळे हळूहळू बिनमिठाच्या गंजाकडं सरकले. फक्त उर्वशी तिथंच बसून राह्यली. तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं. मंग माह्या खिशाकडं. खिशावर पांढरा डाग वाळून चकचकून राह्यला होता. मंग तिनं खाली मान घातली अन् तो भात खाल्ला. पूर्ण. "आत्या, वरण वाढ थोडं," एवढंच म्हणे. मधात मधात पाणी पेत राह्यली. मी तिच्यासमोर बसलो होतो, माह्या ताटातही तोच भात, मीही खाल्ला. त्या दिवसासारखं मी आयुष्यात कवाच नाही जेवलो.

सांजच्या गाडीले तिची बॅग घेऊन मी फाट्यावर गेलो. काका म्हणे, जा, सोडून ये. दोघं त्या तुटक्या बाकावर बसलो. समोर धानाचे बांध, तळ्यावर बगळे, अन् माह्या डोक्यात एवढं सगळं बोलायचं, का एकही शब्द दारातून निघे ना.

तीच म्हणे, "तुम्हाले आधीपासूनच माहीत होतं ना?"

"काय?"

"मिठानं काय होते ते."

मी म्हटलं, "हो."

"मंग एवढं सगळं काहून केलं?"

हीच ती वेळ होती बे. मले समजत होतं. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "प्रत्यक्ष केल्याशिवाय विद्यार्थ्यांले समजत नाही." थुंक माह्यावर, खुशाल. थुंक.

ती हासली. म्हणे, "पाठात मी हेच दाखवीन. गरम पाण्यात मीठ टाकलं का बुडबुडे येतात, अन् लोकायले वाटते उकळलं. घाई करतात अन् आग काढून घेतात."

गाडी आली. बॅग वर देली. ती खिडकीजवळ बसली. कंडक्टरनं घंटी मारली अन् तिनं काच सरकवली.

"आमच्या विहिरीचं पाणी खारट हाय," ती म्हणे. "ते कवा उकळते, कोणी पाह्यलंच नाही अजून. या ना कवा थर्मामीटर घेऊन."

अन् गाडी गेली.

पाह्यलं? भाऊ नाही म्हटलं! मी तिथंच उभा राहून ते वाक्य दहादा म्हणून पाह्यलं. सुरुवातीले नाही, मधात नाही, शेवटी नाही. पण सूरजही नाही म्हटलं. आता तुम्ही सांगा, गाडी सुटत होती म्हणून राह्यलं, का तिनं सोडलं? गोलू, तू तर दोनदा प्रेमात पडला, तुले समजत असंन. नाही? मंग कायले मान हालवून राह्यला?

आता संध्याकाळी तिकडच्या आंगणात बकरी असते, धान असते. मी भिंतीच्या इकडं बसतो. कोणी "शांत बसा" म्हणत नाही, तरी शांतच बसतो. आईनं आंधन ठेवलं का जाऊन उभा राहतो, तळातून पहिला बुडबुडा सुटते तोपर्यंत. आई म्हणे, "टाक तांदूळ, रिकामं नको ठेवू." मी टाकतो.

जाऊ का बे आंधळगावले? काय म्हणून जाऊ? पाणी पाह्याले आलो म्हणू? तिच्या बापानं लोटाभर पाणी देलं अन् म्हटलं, घे, पाह्य, तर?

आताच तेजराम सरांचा फोन आला होता, तुम्ही येण्याच्या आधी. चिडले होते. म्हणे, "अरे, थर्मामीटर कुठं हाय? तुमचा तो प्रयोग संपला का नाही?"

मी खिशात हात घातला. कापसात गुंडाळलेलं होतं. म्हटलं, "नाही सर. चालू हाय. अजून उकळलं नाही."